ग्रीकांनी पाठ दाखवली

दातांच्या डॉक्टरांनी जेवणाच्या टेबलावर मॅरेथॉनची प्राचीन लढाई मांडली होती. बोटभर उंचीचे ग्रीक आणि इराणी सैनिक त्यांनी स्वतः रंगवले होते, अगदी भुवयांसकट. मेहुणा खेळायला आला. इराण्यांचं लोढणं दरवेळी त्याच्याच गळ्यात. इतिहासात हरले ना ते!

बघतात तर काय, सगळे ग्रीक शत्रूकडे पाठ करून दाराकडे तोंड करून उभे.

"अगं, ग्रीकांनी पाठ दाखवली!" डॉक्टर कडाडले.

"टेबल पुसताना मीच फिरवले," बायको म्हणाली. "डोळे फोडून एवढी तोंडं रंगवलीत, ती आल्यागेल्याला दिसायला नकोत?"

डॉक्टर ग्रीकांना वळवायला वाकले, तोच मेहुण्याने त्यांचा हात धरला.

"दाजी, हात लावायचा नाही. ग्रीकांची चाल ताईने खेळली. आता पाळी माझी."