दुधातली पूड

सभागृहाच्या दारावर लावलेला कापडी फलक तिच्याच नवऱ्याने रंगवला होता. ‘कोलेस्टेरॉलच्या गोळ्या चिठ्ठीशिवाय मिळाव्यात का? जाहीर चर्चा.’ अक्षरं नेहमीसारखीच, एकेक जणू नुकतंच न्हाऊन आलेलं. पण ती त्याने घरात फरशीवर कापड पसरून, पाय लांब सोडून, बसून रंगवली होती. तिला ते दिसत होतं. ‘गोळ्या’मधला काना जरा कलला होता.

हा माणूस शिडीवरचा. बाजारात असं एक दुकान नव्हतं ज्याच्या कपाळावर त्याचा हात फिरला नव्हता. लग्न नवं होतं तेव्हा खाली शिडी धरायला तीच उभी राहायची. वरून रंगाचा थेंब तिच्या केसांत पडला की तो म्हणायचा, “राहू दे, शोभतोय.” गेल्या वर्षी त्याच्या मांड्या धरल्या, पोटऱ्या भरून आल्या, दोन पायऱ्या चढला की बसायची पाळी. “वय झालं गं,” म्हणाला, आणि एक दिवस शिडी विकून टाकली. ती नेणारा वळणाआड जाईपर्यंत खिडकीत उभा होता. मग म्हणाला, “चहा टाक.” 

आता तो तिच्या शेजारी पाय चोळत बसला होता. फलक आपला, म्हणून चर्चेला आलेला. व्यासपीठावर एका बाजूला डॉक्टरीण बाई, दुसऱ्या बाजूला त्यांच्याच गल्लीतला औषधवाला.

औषधवाला ठणकावून बोलला. “साध्या गोळीसाठी माणसाने अर्धा दिवस दवाखान्यात खुर्ची तापवायची? काळजाचं दुखणं चिठ्ठी बघून येतं का?”

टाळ्या पडल्या. तिनेही वाजवल्या. थोरले दीर जेवता जेवता गेले होते, घास हातातच राहिला होता. त्यांच्याच वळणाचा हा, तीच अंगकाठी, तूप-सायीची तीच हौस. रक्त तपासून घ्या म्हणून ती मागे लागली, तर याचं एकच पालुपद. “डॉक्टरकडे धडधाकट माणूस आत जातो नि आजारी होऊन बाहेर पडतो.” मग तिने आपला उपाय काढला. तिला स्वतःला डॉक्टरांनी तीच गोळी दिलेली. आपल्याला मानवते, तर यांना का नाही मानवणार? एकाच पातेल्यातलं जेवतो आपण. “डॉक्टरांनी वाढवून दिलीय,” असं तिने औषधवाल्याला सांगितलं. त्याने चिठ्ठी मागितली नाही. तेव्हापासून संध्याकाळी ओट्यावर लाटण्याखाली गोळी बारीक व्हायची, त्याच्या दुधात पडायची, वरून साखर. हात फिरायचा तसे ओठ हलायचे:

*गोळी बारीक गं केली, दुधामध्ये मिसळली*
*माझ्या धन्याच्या जिवाची, वाट मोकळी ठेविली*

डॉक्टरीण बाईंनी माइक घेतला. आवाज मऊ, घाई नाही. “गोळी चांगलीच आहे. मी रोज लिहून देते. पण कुणाकुणाचे स्नायू दुखतात. मांड्या, पोटऱ्या. कुणी लक्ष ठेवून असलं, तर ती थांबवता येते, बदलता येते, आणि बहुतेकांचं दुखणं जातं. लक्ष ठेवणारंच कुणी नसलं, तर माणूस म्हणतो, वय झालं.”

घाम पुसता पुसता तिच्या हातातला रुमाल तिथेच थांबला.

रोज तेल कोमट करून ती त्याच्या पोटऱ्या चोळायची. एका हाताने दुखणं पाजत होती, दुसऱ्या हाताने चोळत होती. आणि दोन्ही हातांना वाटत होतं, आपण माया करतोय.

तेवढ्यात शेजारून हात वर गेला. “बाई, एक सांगू का? मांड्या-पोटऱ्या माझ्याही दुखतात. जन्मात एक गोळी घेतली नाही मी! मग मला काय दुसऱ्याची गोळी चढली?”

सभागृह खदखदून हसलं. हे आपल्याच बाजूचं बोलणं, असं वाटून औषधवाला उठलाच. “अगदी बरोबर, काका! आणि शेजारी काकू बघा. वर्षानुवर्षं माझ्याकडून नेतात, तेही दुप्पट. चालतात कशा टकाटक! उलट तुम्हालाच मागे टाकतील!”

पुन्हा हशा. तोही हसला. हसता हसता मध्येच थांबला.

तिची गोळी त्याला ठाऊक होती. रात्री एक, झोपताना, त्याच्या देखत. तो तिच्याकडे वळला नाही. मान खाली घालून आपल्या पायांकडे बघत राहिला, ते कुणा अनोळखी माणसाचे असावेत तसा.

बाहेर पडताना फलकाखाली तो थांबला.

“दूध?” त्याने विचारलं.

“हो.”

“कधीपासून?”

“भाऊजी गेले तेव्हापासून.” ती म्हणाली. “अहो, मला भीती वाटली हो. तुम्ही ऐकत नव्हता…”

“शिडी विकली गं मी,” तो म्हणाला. ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी तो आपणहून डॉक्टरीण बाईंकडे गेला. तिने चप्पल घातली, तर म्हणाला, “तू राहा.” रक्तात चरबी निघालीच, भावासारखीच. तिची भीती खोटी नव्हती. काही दिवस सगळं बंद ठेवून बाईंनी दुसरी गोळी लिहून दिली, पुन्हा बोलावलं. पाय हळूहळू मोकळे झाले. आता तो बाजारात फेरी मारून येतो, जिना न थांबता चढतो. गोळी स्वतःच्या हाताने पाकिटातून काढतो, तिच्यासमोर, उजेडात.

एकदा धीर करून ती म्हणाली, “नवी शिडी घेऊ या ना.”

तो ब्रश धूत होता. रागावला नाही. “शिडीचं काय, मिळेल,” म्हणाला. “खाली धरणारं माणूस भरवशाचं लागतं.”

संध्याकाळी आपलं दूध तो आपणच तापवतो. सवय नाही, त्यामुळे उतू जातं. पाठमोरा उभा असतो तो, आणि ती दारातून दुधाचा कढ वर येताना बघते. पूर्वी धावली असती. आता तो पेला घेऊन आत गेला की ओटा पुसायला जाते. ओठांवर ती ओवी येते, पहिल्या शब्दाशीच अडते, आणि ती फडकं पिळून वाळत घालते.