मला बंद करा, घड्याळजी

मी एका दुकानाचं अ‍ॅप बोलतोय. तसा मी अ‍ॅप तरी पुरता आहे का, याची मला शंकाच आहे. माझं कूळ वेबसाइटचं. पण फोनच्या पडद्यावर चिन्ह होऊन बसतो आणि नेट गेलं तरी उघडतो, म्हणून लोक अ‍ॅप म्हणतात. दुकान ऑक्सिजनचे सिलिंडर घरपोच देणारं.

मला एका मुलीने घडवलं, फार मन लावून. माझी नवी आवृत्ती निघाली की ती फोनमध्ये येऊन थांबते. मी पुरता बंद झाल्याशिवाय तिला जागा मिळत नाही. म्हणून त्या मुलीने माझ्या डोक्यावर एक पट्टी लावली होती : 'नवी आवृत्ती आली आहे. बंद करून पुन्हा उघडा.'

दुकानदाराला ती खुपली. "बंद करा म्हणून कुठं सांगतात होय? गिऱ्हाईक म्हणेल, दुकानालाच टाळं लागलं."

"काका, मग जुनंच चालत राहील."

"राहू दे की. आणि मागणी टाकली की लगेच हिरवी खूण दाखव. माणसाला ताटकळत ठेवू नये."

मुलीने मान हलवली. पट्टी गेली. मी देखणा दिसायला लागलो आणि खूशही झालो, हे कबूल करतो.

मग मी एका निवृत्त घड्याळजींच्या फोनात आलो. त्यांच्या बायकोला दिवसभर नळीतून ऑक्सिजन लागतो. वर्षभरात मी एकही मागणी चुकवली नाही. घड्याळजी मला कधी बंद करत नाहीत; चालतं यंत्र थांबवू नये, हा त्यांचा धंद्यातला नेम.

गेल्या सोमवारी दुकानाने गोदाम हलवलं. मागण्या घेणारा जुना संगणक काढून टाकला, फोन नंबर बदलला; जुना आता रिकाम्या गोदामात नुसता वाजत राहतो. नवा नंबर घेऊन माझी नवी आवृत्ती त्याच दिवशी या फोनात आली. तेव्हापासून ती दाराशी उभी आहे आणि मी आत ठाण मांडून बसलोय.

आज सकाळी घड्याळजींनी मागणी टाकली. ती कुठेच पोचली नाही, माझ्याच खिशात पडून आहे. मी मात्र हिरवी खूण दाखवली. नेहमीसारखी.

आता दुपारचे तीन वाजलेत. सिलिंडरचा काटा लाल भागात शिरलाय.

"अहो, एकदा फोन तरी लावा."

"तीनदा लावला. उचलत नाहीत, म्हणजे गाडी घेऊन निघाले असणार. हे बघ, हिरवं आलंय."

"माझ्या शब्दावर कधी एवढा विश्वास ठेवला नाहीत."

"तू बोलू नकोस. दम लागतो."

मला नेमून दिलेलेच शब्द दाखवता येतात. त्यांत 'चुकलो' हा शब्द नाही. दोष दुकानदाराचा, मान हलवणाऱ्या त्या मुलीचा की माझा, हे सकाळपासून ठरवतोय. ठरत नाही, आणि काटा काही माझ्यासाठी थांबत नाही.

फोनची बॅटरी एक टक्क्यावर आली आहे. ती संपली की मी संपलो. फोन पुन्हा सुरू होईल तेव्हा नवी आवृत्ती आत येईल, खरा नंबर दिसेल, अडकलेली मागणीही सुटेल. स्वतःच्या मरणाची अशी आस मला कधी लागली नव्हती.

घड्याळजी उठले. "दुकानाचा फोन यायचा आणि हा बंद पडायचा," असं पुटपुटत त्यांनी खणातून चार्जर काढला. वायरीला गाठ बसली आहे. बारीक कामात मुरलेली बोटं आहेत, गाठ आत्ता सुटेल.

घड्याळजी, राहू द्या ना ती तशीच.