काचबाबाची नितळ नळी

“उकळ गं नळी, उकळ उकळ, रोग पळाला, पाणी नितळ!” काचबाबाचा तो ठसक्यातला आवाज इतक्या वर्षांनीही माझ्या कानांतून जात नाही.

गोदामात माणसाला माणूस चिकटलेला. बाबाच्या हातात काचेची नळी, नळीत माझ्या भाचीची, ताईच्या टिकलीची लघवी. टिकलीच्या मूत्रपिंडांतून प्रथिनं गळायची. मग डोळे सुजायचे, पोट फुगायचं. लघवी तापवली की प्रथिनं पांढरी साकळतात, हे डॉक्टरबाईंनी ताईला शिकवलेलं. त्या सकाळीही घरी पांढरंच साकळलं होतं.

बाबानं चिमटीभर राख टाकली, नळी ज्योतीवर धरली. नितळ!

“मूत्रपिंडाला टाका घातला! गोळ्या फेका. आणि घरी तापवून बघाल, तर गुण जाईल.”

“शिंपी का हो तुम्ही?” मी विचारलं. लोक अंगावर आले. ताई मात्र रडता रडता हसत होती.

सर्दी-खोकल्यानं दुखणं उलटतं, म्हणून ताईनं पोरीला कधी कुणात मिसळू दिलं नव्हतं. लपाछपीत राज्य कायम टिकलीवर. खिडकीत डोळे मिटून ती आकडे म्हणायची; शोधायला मात्र दुसरंच कुणी जायचं. आता ती अंगणात सुसाट धावली.

मग सर्दी झाली. एका सकाळी तिचे डोळेच उघडेनात, धाप लागली. दवाखाना गाठला.

“गोळ्या एकदम बंद केल्या, वर सर्दी. उलटणारच,” डॉक्टरबाई म्हणाल्या.

“पण बाबाची नळी नितळ होती हो!” ताई म्हणाली.

बाबाकडे जाऊन आलेल्या आणखी काही आया तिथं होत्याच. डॉक्टरबाईंनी पाण्यात अंड्याचा पांढरा बलक ढवळला, दोन नळ्यांत ओतला. एकीत बाबानं ताईला दिलेली, तिच्या रुमालात बांधलेली राख टाकली. दोन्ही तापवल्या. साधी नळी पांढरी झाली, राखेची नितळ.

“या राखेत धुण्याचा सोडा आहे. सोडा पडला की प्रथिन साकळत नाही. रोग गेला नव्हता, बायांनो, झाकला होता. नवल बघा खुशाल. पण एकदा राखेशिवायही बघा. आणि गोळी मला विचारल्याशिवाय सोडू नका.”

“आता हिला घराबाहेर काढायचीच नाही,” ताई हुंदका देत म्हणाली.

“कोंडू नका. हात धुवा, लसी द्या, खोकणाऱ्यापासून जपा. बरं वाटलं की खेळू दे.”

टिकली माझं बोट धरून पुटपुटली, “मावशी, पाय सुजून मोज्यांचे वळ कधीचेच उमटत होते. मी पाय दाखवलेच नाहीत. दाखवले असते, तर आईनं मला पुन्हा एकटीला ठेवलं असतं.”