चुन्याची भिंत

शहाऐंशी साली बदलापूरजवळचं आमचं घर कारखान्याच्या गोदामाखाली गेलं आणि आम्ही उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये भाड्याच्या खोलीत आलो. माझ्या सासूबाई, वेणूबाई, तेव्हापासून धोशा लावून बसल्या होत्या, की घर एकदा बघायचंय. तिथं बघण्यासारखं काही उरलं नाही, हे सांगून माझी जीभ झिजली.

माझे यजमान महिपती फाउंड्रीत लाकडी साचे घडवायचे. शरदचंद्र साहेब तिथले अधिकारी. अंबरनाथ पूर्वेच्या फ्लॅटमध्ये त्यांनी खोलीभर टेबल टाकून विजेवर पळणारी छोटी रेल्वे मांडली होती. तिचं स्टेशन, पूल, केबिन, सगळं यजमानच रविवारी जाऊन करायचे. रुळाकडेला एक खेड्यातलं घर हवं, असं साहेब म्हणाले, तेव्हा यांनी आमचंच केलं. पुठ्ठ्याच्या भिंती, काडेपेटीच्या काड्यांचे वासे, एकेक कौल कापून लावलेलं. चुना मी दिला, अंगणही शेणाच्या पाण्यानं सारवलं. मग यजमान ते घर साहेबांकडे देऊन आले.

पुढच्या रविवारी सासूबाईंना ते घर दाखवायला घेऊन गेलो. त्यांनी ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं.

टेबलावर घर काळंकुट्ट. कौलं उचकटलेली, भिंतीवर ओघळ, दाराची फळी तुटकी. साहेब कौतुकानं सांगू लागले, की कोळशाच्या इंजिनाच्या धुराशेजारचं घर पांढरं कसं राहील? बारीक कुंचल्यानं त्यांनी स्वतः खपून ते जुनं केलं होतं.

"आता खरं वाटतं. काय महिपती?"

"झकास झालंय साहेब," हे म्हणाले.

सासूबाईंनी वाकून पाहिलं. "पाडायला आले त्या दिशी पण ओटा सारवून दिलेला मी," त्या म्हणाल्या. "माझं घर असं कुणी पाह्यलं नाय."

पदराचं टोक जिभेनं ओलं करून त्या भिंत पुसू लागल्या. काळं निघेना. पुठ्ठा मऊ पडला आणि भिंत सोलून पदराला चिकटली. साहेब ओरडले. यांनी आईचं मनगट धरून तिला मागं ओढलं आणि साहेबांची माफी मागितली.

त्याच आठवड्यात हे घरी नवी भिंत कापायला बसले. मी चुन्याचं भांडं पुढं सरकवलं, ते त्यांनी बाजूला केलं. साहेबांना परत त्रास नको म्हणाले, आणि स्टोव्हची काजळी पाण्यात कालवून बोटानं भिंतीला फासू लागले.

सासूबाई समोरच बसल्या होत्या. "उरली तर इथं पण लाव," असं म्हणून त्यांनी तोंड पुढं केलं.

यांनी काजळीचं बोट फडक्याला पुसलं. भिंत वाळत ठेवली.