कच खाल्ली म्हणे!

मित्रांनो, मी टकरीचा एक म्हातारा एडका आहे, चांदवडच्या हारुन पिंजाऱ्याचा. हसू नका. मला हसलेल्या एका माणसाचं पुढं काय झालं, तेच सांगायला बसलोय.

हारुनच्या बायकोनं, हाजरानं, मला बोटानं दूध चाटवून वाढवलं. पुढं भिजवलेले हरभरे, शिंगांना तेल आणि रोज पहाटे हारुनबरोबर आग्रा रोडनं पळणं. आसपासच्या गावांत माझ्यासमोर कुणी टिकत नसे. हारुन कापूस पिंजायला जाई तिथं माझंच कौतुक सांगत बसे.

मग चौतीस सालची सटाण्याकडची जत्रा आली. समोर तिथल्याच गेणूचा पांढरा एडका. टकरीआधी मालकांनी एकमेकांच्या एडक्याचं कपाळ चाचपायचं, लोखंड-बिखंड लपवलंय का बघायचं, ही आमच्याकडची रीत. हारुननं चाचपलं, जरा तेलकट लागलं, पण लोखंड नव्हतं. आम्हांला सोडलं. मी उधळलो, आणि नाकात बिबट्याचा वास शिरला! पाय आपोआप वळले. टक्कर न होताच मी रिंगणाबाहेर.

"हारुनभाई, एडका हाय का मेंढी?" गेणू खिदळला. "कच खाल्ली की राव यानं!"

आता हे नीट ऐका. मार खाऊन पडला तो हरला, त्यात लाज कसली? पण शिंगाला शिंग भिडायच्या आधीच ज्याचा धीर सुटला आणि ज्यानं पाठ फिरवली, त्यानं कच खाल्ली म्हणतात. अन् असला एडका पुन्हा लढत नाही, अशी लोकांची खात्री. त्याची रवानगी थेट खाटकाकडं.

हारुननं तर हायच खाल्ली. घरी आला, जेवला नाही. "सकाळी खाटकाला देऊन टाकतो," एवढंच म्हणाला. तेवढ्यात त्यानं दारातल्या शेळीला गोंजारायला हात पुढं केला, तर ती दावं तोडून पळाली!

हाजरानं त्याचा हात हुंगला. "या अल्ला! ही तर बिबट्याची चरबी. अब्बांच्या गुडघ्यांना वैदू हीच चोळायचा. अहो, त्या मेल्यानं एडक्याच्या कपाळाला फासली होती!"

"मग त्याचा एडका कसा नाही बुजला?"

"सवय लावली असेल. आपण पण लावू."

झालं, वैदूकडून तीच चरबी आली आणि माझ्या घमेल्याच्या काठाला लागली. आधी उपाशी राहिलो, मग भुकेपेक्षा राग मोठा झाला. हरभरा चावताना डोळ्यांपुढं गेणूचं खिदळणारं तोंड असायचं.

पुढच्या जत्रेत हारुननं पांढऱ्याचं कपाळ चाचपलं, मग हळूच हात हुंगला. "झकास हाय तुमचा एडका," म्हणाला फक्त. मग मला सोडलं.

मित्रांनो, त्या पांढऱ्याला जन्मात कुणी टक्कर दिलीच नव्हती! समोर आलेले सगळे वासानंच पळालेले. माझ्या एका दणक्यात त्याचं अवसान गळालं. तो असा सुटला की त्याचा दोर धरायला धावलेला गेणू पार चिखलातून फरफटत गेला. "गेणूनं कच खाल्ली!" सगळी जत्रा ओरडत होती. वाईट वाटलं का? छे! कान तृप्त झाले माझे.

म्हणून सांगतो, पोरांनो, मुक्या जिवाला जपा. आणि कुणी मागं सरला तर त्याला भित्रा म्हणायच्या आधी, त्याच्या वाटेत कुणी काय पेरलं होतं ते बघा.

काही दिवसांनी गेणू आमच्या दारात आला. "हारुनभाई, चुकलं माझं. लोक जगू देईनात. मिटवा आता." हारुन भला माणूस. त्यानं चहा पाजला, गळाभेट घेतली. निघताना गेणू माझ्यापाशी थांबला. मी डोकं खाली घातलं.

"बघा, यानंबी माफ केलं," म्हणत तो मला कुरवाळायला वाकला.

माफ हारुननं केलं होतं. मी नाही.