कबुतरांपुरता पत्रा

"अगं बाई, ती उतरत नाहीयेत! काय करून ठेवलंस हे?"

कबुतरवाले काका खालून ओरडत होते आणि छपरावर रंगारी मावशी हातात कुंचा धरून मख्ख उभी होती. डोक्यावर कबुतरं गरागरा फिरत होती. खाली यायची, पांढऱ्याफेक पत्र्याला बिचकायची, की पुन्हा वर! त्यांचं घर म्हणजे तो गंजका तांबडा पत्राच होता ना.

मागच्या उन्हाळ्यात तापलेल्या पत्र्याखालीच मावशीचा नवरा गेला. दोघं मिळून लोकांच्या भिंती रंगवायची. तो गेला आणि घर खायला उठलं, तशी ती गल्लीतली छपरं चुन्याने पांढरी करत सुटली. ऊन परततं, खोली जरा निवते. लोक हसायचे.

"मावशी, अख्खं जग तापतंय. तुझ्या डबाभर चुन्याने काय होणार?"

"जगाच्या छपराला माझी शिडी पोचत नाही," ती म्हणायची. "तुमच्या पोचते."

काकांनी किती आढेवेढे घेऊन आज कुठे हो म्हटलं होतं. सकाळी नेहमीसारखी कबुतरं सोडली, हिने कुंचा बुडवला. पुढचा विचार दोघांच्याही मनाला शिवला नाही.

"अंधार पडला की वाट्टेल तिथे बसतील गं. मांजरं टपलेलीच आहेत," काकांनी खालून शिडी घट्ट धरली. "मला दुसरं आहे कोण?"

हा प्रश्न मावशी रोज भिंतींना विचारायची. ती खाली बसली आणि छपरावरच्या खुराड्याजवळचा शेवटचा, अजून ओला असलेला चुन्याचा हात फडक्याने पुसायला लागली. वीतभर तांबडं दिसलं, मग हातभर. मग सतरंजीएवढं.

एक कबूतर उतरलं. पाठोपाठ बाकीची, धपाधप!

काकांची लाडकी करडी मादी तेवढी आली नाही.

मावशी मान खाली घालून शिडी उतरली. "उद्या सगळंच खरवडते, काका."

काका आत गेले. बऱ्याच वेळाने बाहेर आले.

"या वेळेला आत पाय ठेववत नसे, आज बसवतंय," ते म्हणाले. "राहू दे. त्या तुकड्यातून येईल तेवढं ऊन सोसेन मी."

"आणि करडी?"

"बस इथे. तू तिकडचं आभाळ बघ, मी इकडचं बघतो."

मावशी पायरीवर टेकली. खुराड्याचं दार उघडंच होतं. तिच्या बोटांवरचा चुना वाळून तडकत होता, पण हात धुवायला ती उठली नाही.