पायाला लागणारा वारा

मामाने कॅरव्हॅनच्या तळातली भोकं बुजवली होती, आणि इतक्या निगुतीने बुजवली होती की भाचीला ती आधी सापडलीच नाहीत.

भाची गॅसची कामं करायची. नळ्या, शेगड्या, हीटर. हिवाळ्याच्या तोंडावर मामाकडे येऊन सगळं तपासून जायची. यंदा तिचं येणं लांबलं. सकाळी मामाचाच फोन आला, "हीटर रुसलाय. मामीचं डोकं रोज उठतंय. जमलं तर ये, ठिणगे."

लहानपणापासून तो तिला ठिणगीच म्हणायचा. गॅसवालीला हे नाव शोभतं का, असं तिने विचारलं की त्याला भारी आनंद व्हायचा.

मामाने जन्मभर लॉरी चालवली आणि मामीने जन्मभर त्याला दारातून निरोप दिला. निवृत्त झाल्यावर त्याने ही कॅरव्हॅन घेतली, मामीला शेजारी बसवलं आणि दोघं भरपूर हिंडली. मग मामीचे पाय गेले. घर कॅरव्हॅन लावायच्या या मैदानाच्या कडेला येऊन थांबलं ते थांबलंच. अंथरुणात पडल्या पडल्या मामीने त्यावरही दोन ओळी जुळवल्या होत्या:

चाकावरलं माझं घर, वाट त्याला गं अंगण
चाकं थांबली थांबली, अंगणात आलं तण.

भाचीने दार उघडलं तर आत कोंदट ऊब. काचांवरून पाण्याचे ओघळ. शेगडी पेटलेली, तिच्यावर एक लोखंडी भांडं उपडं घातलेलं. जाळ पिवळा, आळसावल्यासारखा हलणारा. भांड्याला काजळीचा थर.

"हे काय, मामा?"

"हीटरची धाकटी बहीण."

ती हसली नाही. आधी शेगडी बंद केली, मग दार-खिडक्या सताड उघडल्या.

"अगं, आल्या आल्या मला उघड्यावर टाकतेस होय?" मामी पांघरुणातून म्हणाली.

भाचीने गुडघ्यांवर बसून तळातली भोकं शोधली, सापडेनात. मग दाराजवळची चटई उचलली. गोल कापलेली जाड लोकर भोकात घट्ट बसवलेली, कडा शिवलेल्या. छतातल्या झरोक्यातही तशीच उशी.

"तिथून वारा यायचा," मामा म्हणाला. "नेमका तिच्या पायाला लागायचा. माझ्या जुन्या कोटाचं अस्तर आहे ते. बघ, एक टाका दिसतोय का."

टाका खरंच दिसत नव्हता. भाचीला ती लोकर उपसून काढायला जड गेलं.

"टाकीतला गॅस हवेपेक्षा जड असतो, मामा. गळला तर पाण्यासारखा खाली साचतो. हे भोक म्हणजे त्याची बाहेर जायची वाट. आणि वरचा झरोका असतो तो जाळासाठी. जाळाला हवा कमी पडली की तो पिवळा होतो, काजळी धरतो. मग त्यातून असं विष निघतं की त्याला ना वास, ना रंग. माणसाचं डोकं दुखतं, मळमळतं, आणि..."

ती थांबली. मामाला पुढचं कळलं होतं.

"बंद शेडमध्ये चालू ठेवलेलं इंजिन," तो म्हणाला.

"हो."

तो पलंगाच्या कडेवर बसला. "तिला गोळी द्यायचो. मग गार लागतंय म्हणाली की शेगडी मोठी करायचो."

"तुला माहीत नव्हतं."

"डोक्याचं सोडा हो," मामी म्हणाली, "ते तसंही कधी कामाला आलं नाही. पाय तेवढे गरम ठेवा."

भाचीने दवाखान्याची गाडी बोलावली. माणसं आली, रक्त तपासलं, बराच वेळ ऑक्सिजन लावला. आता उतार आहे, पण आत पुन्हा असा जाळ नको, असं बजावून गेली. मामीचं डोकं हलकं झालं. आणि तिला हुडहुडी भरली.

भाचीने हीटर खोलला. आतला जळका भाग बदलावा लागणार होता. तिने ओळखीच्या सगळ्या दुकानांना फोन केले. कुणाकडेच नव्हता, मागवावा लागेल म्हणाले. विजेचा हीटर शेजाऱ्याकडून आणून लावला, तर मैदानाच्या विजेला त्याचा भार पेलेना, दर वेळी खटका पडायचा. विजेची छोटी किटली तेवढी चालायची. तिचं गरम पाणी बाटलीत भरून पायाशी ठेवलं, ते बघता बघता निवलं.

"माझ्या घरी चल, मामी. आम्ही उचलून नेऊ."

"चार जिने? कपाट आहे का मी? तेही नेताना तुम्ही भिंतीला आपटाल."

ऊन कललं. भाची मामीचे पाय चोळत होती. पाय दगडासारखे. मामीचे दात वाजत होते. मामाच्या हातात ती लोकर होती. तो ती उलटसुलट करत होता.

"नुसतं खालचं लावतो," तो म्हणाला. "वरचं उघडं राहू दे. शेगडी अगदी बारीक."

"नाही, मामा."

"थोडाच वेळ. तिचे पाय बघ गं."

"बघतेय. नाही."

तो उठून बाहेर गेला. पान्याचा आवाज आला. भाची दारात आली तेव्हा त्याने दोन्ही टाक्या बंद करून सोडवल्या होत्या आणि एक तिच्या गाडीकडे नेत होता.

"घेऊन जा," तो म्हणाला. "इथे राहिल्या तर मी पेटवीन. तुला शब्द देईन आणि तरी पेटवीन."

"मी राहते इथेच."

"राहून काय करशील? तिचे पाय चोळायला मी आहे. तू त्या भागाच्या मागे लाग."

ती आत गेली. घरातली होती नव्हती तेवढी पांघरुणं मामीवर घातली. मामाही बूट काढून त्यांच्यात शिरला आणि मामीचे पाय त्याने आपल्या पायांत धरले.

"अहो," मामी म्हणाली, "तुमचे माझ्याहून गार आहेत."

त्याने ते आणखी घट्ट धरले.

भाचीने टाक्या उभ्या करून पट्ट्यांनी बांधल्या आणि निघाली. गाडीत टाक्या असल्या की काचा लावायच्या नसतात, म्हणून सगळ्या खाली. वारा कानांत घुसत होता, बोटं बधिर झाली होती. पुढच्या वळणावर तिचा हात काचेच्या बटणाकडे गेला. तिने तो मागे घेतला. थोड्या वेळाने तो पुन्हा गेला.